भिंतीबाहेरचे पांढरे बूट

मार्च अर्धा सरला की ट्रॉयमधल्या आमच्या गल्लीला कंठ फुटतो. चार महिने मिटून बसलेली गराजची दारं धडाधड उघडतात. छपरावरचं वितळलेलं पाणी पन्हाळीतून टपटपत राहतं आणि तळघरातला पंप दर दहा मिनिटांनी घुरघुरतो. पारा जेमतेम पन्नास फॅरनहाइटला टेकला की समोरची मुलं अर्ध्या चड्ड्या घालून सायकली बाहेर काढतात. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळेकुट्ट ढीग अजून हटून बसलेले असतात, पण त्यांच्याकडे आता कोणी ढुंकून बघत नाही. शाळांना स्प्रिंग ब्रेक लागतो, शेजारीपाजारी गाड्यांत बॅगा कोंबतात आणि जो तो उन्हाच्या दिशेने पळत सुटतो. मिशिगनमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला या पळण्याचं नवल वाटत नाही. मीही पळाले आहे.

त्यातलं एक पळणं दर मार्चला आठवतं. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचं तुलुम, माया लोकांचं जुनं शहर. तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंत, चौथ्या बाजूला समुद्र. लोकांना तिथलं पाणी आठवतं, तो निळा-हिरवा रंग आठवतो. मला आठवतात ते भिंतीबाहेर काढून ठेवलेले आईचे पांढरे बूट.

यंदा ते जरा जास्तच आठवताहेत, आणि त्याला कारण आहे. जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना मी घसरले आणि डावं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं, पण माझी एकुलती एक मुलगी ईशा हिच्या मनातली काळजी काही निघेना. ती असते कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, चिप डिझाइन करते. रोज फोन. आणि गेल्या रविवारी तिने मुद्द्यालाच हात घातला.

"आई, घर लिस्ट करून टाकू या. आत्ता मार्केट मस्त आहे. तू इकडेच शिफ्ट हो. माझी सेकंड बेडरूम रिकामीच पडलीये."

"बघू."

"बघू नाही, यार. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तू पडलीस तेव्हा अर्धा तास बर्फात बसून होतीस! ट्रॉयमध्ये आता कोण आहे तुझं? आय मीन, हू डू यू इव्हन हॅव देअर?"

कुकरची शिट्टी झाली असं सांगून मी फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. पण त्या प्रश्नापुढे मला उभंच राहता येईना, कारण तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. सोळा वर्षांपूर्वी, तुलुमच्या त्या उन्हात, तो मीच माझ्या आईला विचारला होता.

त्या हिवाळ्याची सुरुवात दुःखातच झाली होती. ऑक्टोबरमध्ये माझे वडील गेले. देवगडजवळच्या आमच्या छोट्या गावात, खाडीच्या काठावर, त्यांनी निवृत्तीनंतर तीन खोल्यांचं घर बांधलं होतं. दिवसवार उरकल्यावर मी आईला घेऊनच परतले. ग्रीन कार्डाचे कागद आधीच झालेले होते. नोव्हेंबरात ती ट्रॉयला आली आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ पडला. आई जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. पहिला आठवडाभर खिडकीत बसून तिने रस्त्याचं निरीक्षण केलं आणि मग मला गंभीरपणे विचारलं, "शुभा, इथे माणसं ठेवतात कुठे?"

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

ती कुरकुर करायची नाही, हीच खरी पंचाईत होती. गरम हवेच्या झडपेशेजारी खुर्ची ओढून, शाल गुंडाळून बसायची. शाळेची पिवळी बस किती वाजता येते, पोस्टाची गाडी किती वाजता येते, हे तिला आमच्यापेक्षा चोख ठाऊक असे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला नेलं तर सगळ्यांनी तिची प्रेमाने विचारपूस केली, पण तिचं नाव काय हे कोणीच विचारलं नाही. ती 'शुभाची आई' होती. घरात ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. हे पातेलं घेऊ का? दिवा मालवू का? खिडकी जरा किलकिली केली तर चालेल का? ज्या बाईने चाळीस मुलांचा वर्ग नुसत्या डोळ्याने गप्प केला, ती माझ्या स्वयंपाकघरात मला विचारून चहा टाकत होती. हे मी तेव्हा पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि रुळेल हळूहळू, म्हणून पुढे गेले. मी फार कामात होते. त्या काळात मी कायमच फार कामात असे.

आईला ऊन हवंय एवढं मात्र मला कळलं. म्हणून स्प्रिंग ब्रेकला आम्ही चौघं मेक्सिकोला गेलो. निघायच्या आदल्या दिवशी आईने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डोंगर रचला. "अगं, हॉटेलात सगळं मिळतं," असं मी म्हटलं, त्यावर "मिळू दे की," एवढंच म्हणाली आणि पुऱ्या तळत राहिली. पाच महिन्यांत न विचारता केलेली ती तिची पहिली गोष्ट.

तुलुमला जायच्या दिवशी माझा नवरा सुधीर पोट धरून हॉटेलातच झोपला. त्यामुळे हॉटेलच्या बसमध्ये आम्ही तिघीच: मी, आई, आणि बारा वर्षांची ईशा. ईशाच्या पायात रबरी चपला. आईच्या अंगावर फिकट जांभळी सुती साडी आणि पायात मी घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. इथल्या सगळ्या आज्यांचा तोच गणवेश. आमचा गाईड साठीचा होता, बुटका आणि काटक. घरी आम्ही अजून माया भाषाच बोलतो, असं त्याने बसमध्ये सांगितलं तेव्हा आई कान टवकारून बसली. "आणि शाळेत?" असं तिने मला त्याला विचारायला लावलं. शाळेत स्पॅनिश, म्हणाला, आणि नातवंडं टीव्हीवरचं इंग्रजी. आईने ईशाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

त्या भिंतीतून आत जायला एक अरुंद, बुटका बोळ आहे. भिंत इतकी जाड की बोळात चार पावलं काळोखातून चालावं लागतं आणि मान थोडी वाकवावी लागते. बाहेर मी ईशाच्या नाकाला सनस्क्रीन फासत होते, ती "मॉम, स्टॉप!" म्हणून तोंड फिरवत होती. त्या गडबडीत आई आमच्या पुढे आत गेली.

आत गेल्यावर मीही थबकले. सगळीकडे पांढरं ऊन, पांढरी वाट, खुरटं हिरवं गवत आणि करड्या दगडांची ठेंगणी देवळं. दगडादगडावर हातभर लांब इग्वाना पसरलेले. आई एकदम खूश. "अगो बाय! या तर घोरपडी!" पुढे समुद्र दिसायच्या आधीच तिने वारा हुंगला आणि म्हणाली, "भरती लागली." आणि ती चालायला लागली. मी मागे राहिले. पाच महिन्यांत ती पहिल्यांदाच माझ्या पुढे चालत होती, पदर खोचून, शाळेची सहल नेत असल्यासारखी.

एका देवळाच्या दारावर एक मूर्ती आहे, डोकं खाली आणि पाय वर. हा उतरणारा देव, गाईड म्हणाला, आणि तो कसला देव यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. आईने मूर्तीला हात जोडले. कड्याच्या टोकावरच्या मोठ्या देवळाला समुद्राकडे तोंड करून दोन खिडक्या आहेत. तिथे म्हणे रात्री दिवे लावत, त्या उजेडाच्या रोखाने होड्या खडकांमधल्या फटीतून सुखरूप आत येत. सगळ्यांनी 'वॉव' केलं. आईने मात्र विचारायला लावलं, "रोज कोण लावायचं?"

गाईड हसला. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणाला. कोणाकडे तरी ते काम असणार.

"म्हणजे त्याला कधी गाव सोडून जाता येत नसणार," आई म्हणाली. आणि बोलता बोलता तिने एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. आई अनवाणी होती.

"आई! तुझे बूट?"

"बाहेर काढले."

"बाहेर कुठे?"

"दाराशी. मोजे आत घालून नीट कडेला ठेवलेत. कोण नेतंय?"

"अगं, पण का काढलेस?"

"देवळात बूट घालून जायचं?"

"हे देऊळ नाहीये, आई. रुइन्स आहेत!"

"देव निघून गेला म्हणून देवळाचं काही वेगळं होतं का?"

भर बाराचं ऊन. दगड तव्यासारखे तापलेले. तिचे तळवे लाल झाले होते आणि बाई तासभर त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. त्यात गाईडने सांगितलं की इथे वाट एकमार्गीच आहे. त्या बोळातून फक्त आत यायचं, बाहेर पडायचं ते पलीकडच्या टोकाच्या बोळातून, आणि बस तिथेच उभी राहणार. अर्ध्या तासात.

ईशाने आपल्या चपला काढल्या. "आजी, टेक माइन." आजी नको नको म्हणत होती, पण नातीने तिच्या पायांत त्या सरकवल्याच. दोघींचे पाय एकाच मापाचे. ईशा गवतावरून टणाटण उड्या मारत गेली.

मी मात्र भडकले होते. बुटांवरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. तुला इथलं काही समजून घ्यायचंच नाही, म्हणाले. खालच्या मजल्यावरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली, तिथे तू बॅगसुद्धा पूर्ण उघडत नाहीस, म्हणाले. आणि मग मनातलं सगळंच बोलून बसले, की आता ग्रीन कार्ड आहे, तू इथेच राहायचंस, उन्हाळ्यात जाऊन गावचं घर विकून टाकू.

आई समुद्राकडे बघत होती. "मी एप्रिलमध्ये जाते, शुभा," ती म्हणाली. "तुला सांगणारच होते."

"कुठे?"

"घरी."

"आता तिकडे कोण आहे तुझं?"

"मी आहे की," आई म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हजेरी घेताना मुलं 'हजर' म्हणतात तितक्या साधेपणाने म्हणाली. मला ते इतकं लागलं की मी तिच्याकडे पाठ फिरवली.

बुटांसाठी मात्र जावं लागलंच. आईला नातीच्या चपला चालल्या असत्या, पण ईशा अनवाणी होती. गाईड आम्हाला उलट दिशेने बोळाकडे घेऊन गेला. आत येणाऱ्यांच्या लोंढ्यातून आम्ही बाहेर जात होतो. पहारेकऱ्याने आधी हात आडवा केला. गाईड त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, मग पहारेकऱ्याने ईशाचे पाय पाहिले, आईच्या पायांतल्या जांभळ्या फुलांच्या चपला पाहिल्या, आणि वाट दिली.

बूट होते. भिंतीच्या सावलीत, टाचा भिंतीला लावून, आईने ठेवले तसेच. आणि त्यांच्या शेजारी आणखी चार जोड होते! एक चामडी सँडल, दोन दणकट चालायचे बूट, एक लहान मुलाची पादत्राणं. आईचे काढलेले बूट बघून मागून येणाऱ्यांना वाटलं असणार, की इथला नियमच आहे. आमच्या डोळ्यांदेखत एक उंच, लालबुंद गृहस्थ वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते. बायकोला सांगत होते, पवित्र जागा आहे, डिअर.

ईशा पोट धरधरून हसत भिंतीला टेकली. गाईडने डोळे पुसले. आईसुद्धा हसली, तोंडावर पदर घेऊन, आणि हसता हसता त्या गृहस्थांना म्हणाली, "नाइस. व्हेरी गुड." मी हसले नाही. मला आज त्याची फार खंत वाटते. तिथे हसले असते, तर पुढचं बरंच काही सोपं झालं असतं.

बस आमच्यासाठी थांबली. पुऱ्या आम्ही बसमध्ये खाल्ल्या, गाईडनेही तीन खाल्ल्या.

एप्रिलच्या शेवटी आई गेली. डेट्रॉइटच्या विमानतळावर मी तिला मिठी मारली ती रीत म्हणून. "तुझी मर्जी," एवढंच बोलले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुऱ्यांचं पीठ जास्त घट्ट भिजवत जा. तू सैल भिजवतेस." त्यानंतर ती सात वर्षं जगली. दर रविवारी फोन व्हायचा. आधी मी तुटक बोलायचे, मग हळूहळू सवयीने नीट बोलायला लागले, पण तो विषय आम्ही दोघींनीही परत काढला नाही. परत ये, असं मी कधी म्हटलं नाही. तीही आली नाही. एकदा ताप आला, दुसऱ्या दिवशी ती गेली. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं.

टॅक्सीतून उतरून मी गावच्या घराचं फाटक उघडलं आणि पायरीशी बघते तो, ते पांढरे बूट. खडूने पांढरे केलेले, नाड्या धुतलेल्या, टाचा भिंतीला लावून ठेवलेले. शेजारची मंदा सांगत होती, "रोज सकाळी तेच घालून जेटीपर्यंत जायच्या बाई. अमेरिकेचे बूट, म्हणायच्या, मुलीने घेतलेत." मी त्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आईच्या जाण्याचं रडू तर होतंच. पण त्याहून जास्त रडू मला त्या 'मुलीने घेतलेत'चं आलं.

आणि तिथे, पायरीवर बसूनच, मला उशिराने ती गोष्ट उमगली. दाराशी वहाणा काढून आत जाणारा माणूस त्याच दाराने बाहेर यायचं ठरवूनच आत गेलेला असतो. दुसरीकडून बाहेर पडायचं असतं, तर वहाणा बरोबर घेऊनच गेला असता. आई अमेरिकेला आली ती तशीच आली होती. हौसेने आली, लेकीचं घर बघितलं, देवाला हात जोडावेत तसे आमच्या संसाराला जोडले, आणि काढून ठेवलेल्या वहाणांपाशी परत गेली. तिने मला टाकलं नव्हतं. मी उगाच सात वर्षं टाकल्यासारखी वागले.

पुढच्या वर्षी दोन आठवड्यांच्या रजेत मी ते घर विकलं. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. कधी कधी झोपेत मी फाटकाची कडी काढत असते.

मी स्वतः मात्र वेगळ्या जातीची. मी एका दाराने आत आले आणि बूट पायांतच ठेवले, की कुठूनही बाहेर पडता यावं. निदान माझा तसा समज होता. या घराला तीन दारं आहेत. पुढचं दार डिलिव्हरीवाल्यांसाठी, मागचं खारींना दाणे टाकायला, आणि आम्ही घरची माणसं कायम गराजच्या दाराने येणारी-जाणारी. तिथे एक प्लॅस्टिकचा ट्रे आहे, बर्फाचे बूट ठेवायला. सुधीरचे मी देऊन टाकले. माझे आहेत, मिठाचे पांढरे डाग पडलेले. काल प्लास्टरातून सुटलेल्या हाताने ते पुसायला बसले. दर मार्चला मी ते पुसून, कागद भरून, कपाटात टाकते. पुसता पुसता मला ईशाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. खरं तर ते सापडलेलंच होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता. कारण ते ऐकल्यावर लेकीला कसं वाटतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

या गल्लीत मला नावाने ओळखणारी चार माणसं आहेत. पडले त्या दिवशी अर्ध्या तासाने का होईना, समोरच्या मुलांनीच मला पाहिलं आणि त्यांच्या आईला हाक मारली. वाचनालयातली बाई माझी पुस्तकं बाजूला काढून ठेवते. चहा टाकताना मला कोणाला विचारावं लागत नाही. पण हेही खरं, की बर्फात बसले होते तेव्हा मी घाबरले होते. फार घाबरले होते, आणि मला ईशाच हवी होती.

मी फोन लावला.

"ईशा, मी येते."

"रिअली? ओह थँक गॉड. मी एजंटला उद्याच..."

"ऐक. नोव्हेंबरात येते. बर्फ वितळेपर्यंत तुझ्याकडे राहते. घर विकायचं नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "बट आई, तिकडे तुझं कोण..."

"मी आहे की," मी म्हटलं.

माझा जीव कानात गोळा झाला होता. माझ्यासारखीच ही पाठ फिरवते की काय, सात वर्षं, दर रविवारी तुटक. मग ती म्हणाली, "लेट मी थिंक," आणि फोन ठेवला.

मी गराजमध्ये गेले. बूट कपाटात टाकले नाहीत. ट्रे धुतला, त्यात ते ठेवले, टाचा भिंतीला लावून. फोटो काढला आणि ईशाला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

वीस मिनिटं गेली. पंप दोनदा घुरघुरला. मग फोन वाजला. ईशाने लिहिलं होतं, "शेजारी माझ्यासाठी जागा ठेव. मार्चमध्ये तुला सोडायला मीच येईन." आणि खाली आणखी एक ओळ, "आजीला तेव्हा चपला दिल्या ना, दगड खूप तापले होते गं. मी बोलले नाही."

मी ट्रेमधले माझे बूट थोडे डावीकडे सरकवले.